ग्रीष्मांतील मृगया आणि जलव्यवस्था

मृगयेविषयीं आपल्याकडे जें लेखन झालें आहे त्यांत शस्त्रें, कुत्रे, चित्ते, श्येन आणि मारलेल्या श्वापदांची गणती यांचा विचार पुष्कळ आढळतो. पाण्याचा विचार मात्र क्वचितच आढळतो. वस्तुतः चैत्र-वैशाखाच्या उन्हांत जो मनुष्य दिवसभर रान तुडवितो त्याला वाघापेक्षां तृषेचें भय अधिक. वाघाची गांठ एखादे वेळीं पडेल वा न पडेल. तृषेची गांठ प्रत्यहीं ठरलेली असते. असें असतां जुन्या मृगयावर्णनांतील शौर्याचे प्रसंग तेवढे वेंचून घ्यावे व त्या शौर्याला आधार देणारी जलव्यवस्था क्षुल्लक म्हणून सोडून द्यावी, हें इतिहासाच्या दृष्टीनें योग्य नव्हे.

प्रस्तुत लेखांत आम्ही दोन प्रश्नांचा विचार करणार आहों. पहिला असा कीं, उष्णकाळच्या शिकारींत आपले पूर्वज तृषा आणि ताप यांचें निवारण कोणत्या साधनांनीं करीत? दुसरा प्रश्न वादाचा आहे. अकबराचा चरित्रकार अबुल फज़ल यानें आईन-इ-अकबरींत असें सुचविलें आहे कीं, हिंदुस्थानांत थंड पाण्याचा अभाव हें एक वैगुण्य होतें व तें बादशहानें दूर केलें. हें म्हणणें कितपत ग्राह्य आहे?

प्रथम एक शंका सहज उद्भवते. शिकारीसाठीं मुळांत उन्हाळाच कां निवडावा? याचें उत्तर रानाच्या स्थितींत आहे. पावसाळ्यांत व पुढें कांहीं महिने गवत पुरुषभर उंच असतें, ओढ्यानाल्यांना जागोजाग पाणी असतें, आणि त्यामुळें श्वापदें सर्वत्र विखुरलेलीं राहतात. फाल्गुनानंतर पानगळ होते, गवत वाळतें किंवा वणव्यांत जळून जातें, नाले आटतात, आणि जे थोडे डोह उरतात त्यांवर सर्व प्राण्यांना यावेंच लागतें. म्हणजे जी तृषा शिकाऱ्याची वैरीण तीच त्याची साहाय्यकर्तीहि होय. पाणवठ्यावर दबा धरण्याची चाल किती जुनी आहे हें रामायणांतील दशरथाच्या कथेवरून दिसतें. तो प्रसंग ग्रीष्माचा नसून वर्षाकाळचा आहे. तथापि शरयूच्या तीरावर घडा भरल्याचा शब्द ऐकून हत्ती पाणी पीत आहे असें दशरथानें मानलें व बाण सोडला, यांतच ती चाल स्पष्ट होते. पाणी पिणाऱ्यावर शस्त्र चालविण्याचें फळ काय झालें तें वाचकांस विदितच आहे.

वैद्यकशास्त्र मात्र ग्रीष्मांतील मृगयेला मुळींच अनुकूल नाहीं. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्येंत या ऋतूंत खारट, तिखट व आंबट पदार्थ, व्यायाम आणि सूर्यकिरण हे वर्ज्य सांगितले आहेत. मधुर, लघु, शीत व द्रव असा आहार विहित केला असून सक्तु म्हणजे सातूचें पीठ आणि मातीच्या पात्रांतील शीतल पानकें यांची शिफारस केली आहे. हा उपदेश वाड्यांत बसणाऱ्या मनुष्यास उद्देशून आहे, रानांत धांवणाऱ्यास नव्हे, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. आजचें शरीरशास्त्र सांगतें कीं, भोंवतालची हवा त्वचेपेक्षां अधिक तापली म्हणजे शरीराला उष्णता बाहेर टाकण्याचा घाम वाळणें हा एकच मार्ग उरतो. कडक श्रमांत ताशीं एक लिटर किंवा त्याहूनहि अधिक घाम जातो. आणि त्याबरोबर मीठहि जातें. तेव्हां घरांतल्या मनुष्यास लवणवर्जन मानवेल. शिकाऱ्यास तें घातक ठरेल. आपल्या खेड्यांतील लोकांनीं हा भेद कोणतेंहि शास्त्र न वाचतां ओळखलेला दिसतो. कारण उन्हांत राबणाऱ्याचें पेय म्हणजे मीठ घातलेलें ताक, आंबील, किंवा गूळ-मीठ घातलेलें कैरीचें पन्हें. हें पन्हें म्हणजे संस्कृत पानक शब्दाचेंच मराठी रूप होय. हल्लीं दवाखान्यांत जी जलसंजीवनी देतात तिचीं मुख्य द्रव्यें साखर, क्षार व पाणी हींच आहेत.

आतां राजनीतिशास्त्राकडे वळूं. मनूनें मद्य, द्यूत, स्त्रिया व मृगया हीं चार कामज व्यसनांतील अतिकष्टप्रद मानलीं आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत याच विषयावर एक सुंदर वाद आला आहे. हा ग्रंथ शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ मध्यें प्रसिद्ध केल्यापासून त्याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु या वादांतील एका शब्दाकडे जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. द्यूत व मृगया यांत अधिक वाईट कोणतें, असा प्रश्न आहे. पिशुन नांवाच्या पूर्वाचार्याचें मत असें कीं, मृगया अधिक वाईट. कारण तींत चोर, शत्रु, हिंस्र पशु, वणवा, ठेंच लागून पडणें, दिशाभूल, भूक आणि पिपासा यांमुळें प्राणावर बेततें. कौटिल्य उलट म्हणतो कीं, मृगयेंत व्यायाम घडतो, कफ, पित्त, मेद व स्वेद यांचा नाश होतो, चल आणि स्थिर लक्ष्यांवर नेम साधण्याचा अभ्यास होतो, व क्रोध-भयाच्या वेळीं पशूंचें चित्त कसें असतें हें कळतें. लाभांची ही यादी मोठी आहे, पण तींत पिपासेच्या आक्षेपाचें उत्तर नाहीं.

आमच्या मतें तें उत्तर त्याच ग्रंथांत दुसऱ्या ठिकाणीं आहे. राजाच्या विहारासाठीं जें मृगवन राखावयाचें त्याचें वर्णन करतांना कौटिल्य सांगतो कीं, त्यास एकच द्वार असावें, भोंवतीं खंदक असावा, गोड फळांच्या जाळ्या व कांटे नसलेलीं झाडें असावींत, नखें-दांत काढलेले हिंस्र पशु असावेत, आणि उथळ पाण्याचे जलाशय असावेत. हे जलाशय उथळ कां? पाणी सहज हातीं लागावें, घोडा-मनुष्य बुडूं नये आणि दडी मारण्यास कोणास जागा मिळूं नये, असे हेतु संभवतात. सारांश, तृषेच्या आक्षेपास कौटिल्यानें युक्तिवादानें उत्तर दिलें नाहीं, स्थलरचनेनें दिलें. राजाच्या शिकारीला रान जितकें लागतें तितकाच पाणवठा लागतो, हें तत्त्व येथें प्रथम शासनाच्या भाषेंत मांडलेलें दिसतें.

हेंच तत्त्व कालिदासानें काव्याच्या भाषेंत सांगितलें आहे. रघुवंशाच्या नवव्या सर्गांत दशरथ ज्या वनांत शिरतो त्याचीं विशेषणें पाहावींत. कुत्रे व जाळीं घेतलेले लोक तेथें आधींच जाऊन राहिले आहेत. वणवा व चोर यांचा उपद्रव नाहींसा केला आहे. भूमि घोड्यांस दृढ आहे. आणि तें वन निपानयुक्त आहे. अमरकोशाप्रमाणें निपान म्हणजे विहिरीजवळ गुरांना पाणी पिण्यासाठीं केलेला जलाशय. पिशुनाच्या यादींतील चोर, वणवा, ठेंच व पिपासा या चार दोषांचें क्रमवार निवारण या एका श्लोकांत आलेलें आहे, हा योगायोग नव्हे. कवीला अर्थशास्त्राची परंपरा ठाऊक होती. त्याच सर्गांत पुढें राजाच्या मुखावरील घर्मबिंदु वनांतील तुषारयुक्त वारा पिऊन टाकतो असें वर्णन आहे. घाम वाऱ्यानें वाळला म्हणजे शरीर थंड होतें, हें शास्त्रीय तत्त्व त्यांत जसेंच्या तसें आहे.

शाकुंतल नाटकाचा आरंभ तर ग्रीष्मांतच होतो. प्रस्तावनेंत नटी ग्रीष्माचेंच गीत गाते. पहिल्या अंकांत आश्रमांत पाऊल टाकण्यापूर्वीं दुष्यंत सारथ्याला सांगतो कीं, मी परत येईपर्यंत घोड्यांच्या पाठी ओल्या करून ठेव. अध्यापनाच्या काळांत आम्हीं हें वाक्य अनेक वेळां शिकविलें. विद्यार्थी तें ओलांडून शकुंतलेकडे धांवत असत. परंतु रथाचे घोडे धांवून तापले असतां त्यांस प्रथम गार करावें हा अश्वविद्येंतील नियम कवीनें किती सहजतेनें नाटकांत गुंफला आहे! दुसऱ्या अंकांत विदूषकाची तक्रार येते. भर दुपारीं, उन्हाळ्यामुळें विरळ झालेल्या छायेंत, या रानांतून त्या रानांत भटकावें, पानें कुजून तुरट झालेलें डोंगरी ओढ्यांचें कोमट पाणी प्यावें, आणि अवेळीं भाजलेलें मांस खावें, असें तें दुःख आहे. प्रेक्षक हंसतात, पण वैद्य हंसणार नाहीं. पालापाचोळ्यानें दूषित झालेलें पाणी आणि अनियमित आहार हीं रोगाचीं कारणें होत. लागलीच सेनापति येऊन मृगयेचे गुण गातो, आणि ते गुण बहुतांशीं कौटिल्याचेच आहेत. म्हणजे पिशुनाचा पक्ष विदूषकाच्या मुखीं व कौटिल्याचा पक्ष सेनापतीच्या मुखीं घालून कालिदासानें तो जुना वाद रंगभूमीवर आणला आहे.

पाण्याची तजवीज चुकली म्हणजे काय होतें याचीं उदाहरणें महाभारतांत आहेत. परीक्षित राजा शिकारींत दमून, तहानेनें व्याकुळ होऊन शमीक ऋषीकडे आला; ऋषि मौनांत होता; राजानें त्याच्या खांद्यावर मृत सर्प टाकला; आणि त्या एका क्षणाच्या संतापांतून पुढील शाप व तक्षकदंश उद्भवले. वनपर्वाच्या शेवटीं ब्राह्मणाची अरणी घेऊन पळालेल्या मृगाच्या पाठीं पांडव धांवले, मृग दिसेनासा झाला, आणि पाण्यासाठीं एकामागून एक गेलेले चार भाऊ यक्षाच्या सरोवरीं पडले. दोन्ही कथांत तृषेनें प्रथम विवेक हरतो व मग प्राणावर येतें असाच क्रम आहे. अति तापानें व पाण्याच्या अभावानें बुद्धि भ्रमित होते हें आजचे वैद्यहि सांगतात. शमीकाच्या मौनाचा अर्थ परीक्षितासारख्या राजाला कळूं नये याचें कारण त्याच्या स्वभावांत शोधण्यापेक्षां त्याच्या कोरड्या घशांत शोधणें अधिक न्यायाचें होईल.

आतां पाणी वाहून नेण्याच्या साधनांविषयीं. संस्कृतांत चामड्याच्या पाण्याच्या पिशवीस दृति असा प्राचीन शब्द आहे. मनुस्मृतींत एक दृष्टांत आहे: इंद्रियांपैकीं एक जरी मोकळें सुटलें तरी दृतीच्या पायांतून पाणी गळावें तशी प्रज्ञा गळून जाते. पिशवीला पाय कोठून आला, हा प्रश्न आमचे विद्यार्थी विचारीत. ज्यानें भिस्त्याची मशक पाहिली आहे त्याला उत्तर सांगावें लागत नाहीं. बकऱ्याचें सबंध कातडें सोलून त्याचे पाय बांधून टाकीत. त्यांतला एखादा सैल राहिला कीं तेथून पाणी झिरपे. यावरून मशकेचें नांव जरी परभाषेंतून आलें असलें तरी वस्तु येथें फार पूर्वींपासून होती हें सिद्ध होतें. मराठींतील छागल हा शब्दहि असाच बोलका आहे. संस्कृतांत छागल म्हणजे बकरा. पुढें छागल जाड कापडाची होऊं लागली तरी बकऱ्याचें नांव तिला चिकटून राहिलें. याहून मोठी ती पखाल. ती बैलाच्या किंवा हेल्याच्या पाठीवरून नेत. वनवासी लोक वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा वापरीत. तो हलका, फुटला तरी हानि थोडी, आणि पाणी बराच वेळ गार राखणारा.

छागल किंवा मातीचें मडकें यांतील पाणी गार कां होतें? सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरतें, वाऱ्यानें त्याची वाफ होते, आणि वाफ होतांना तें आंतील पाण्याची उष्णता हरण करतें. हें तत्त्व सुश्रुतास प्रयोगतः पूर्ण अवगत होतें. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत द्रवद्रव्यांच्या अध्यायांत पाणी निवळ करण्याचे सात व थंड करण्याचे सात उपाय गणले आहेत. थंड करण्याचे उपाय असे: वाऱ्यावर ठेवणें, उदकप्रक्षेपण, काठीनें ढवळणें, पंख्यानें वारा घालणें, वस्त्राचा उपयोग करणें, वाळूंत ठेवणें, आणि शिक्यावर टांगणें. हें शिक्य म्हणजेच आपलें शिंकें. निवळ करण्याच्या उपायांत पहिला कतक म्हणजे निवळी. विदूषकाच्या तुरट पाण्याला हा उपाय जवळ होता. मात्र मनूनेंच दुसऱ्या संदर्भांत म्हटल्याप्रमाणें कतकाचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं. कोणीतरी तें बीं आठवणीनें बरोबर न्यावें लागतें.

या शास्त्राचें राजदरबारीं कसें आचरण होई याचा उत्तम पुरावा दक्षिणेंतच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्यास भूलोकमल्ल म्हणत, यानें शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास मानसोल्लास हा ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे हल्लींच्या कर्नाटकांतील बसवकल्याण. मराठी वाचकांना हा ग्रंथ परका नाहीं. महाराष्ट्रांतील स्त्रियांच्या ओव्यांचा उल्लेख त्यांत असल्यामुळें तो आपल्या वाङ्मयेतिहासांत नेहमीं येतो. पांच विंशतींच्या या ग्रंथांत चौथ्या विंशतींत मृगया आहे, आणि तिसऱ्या विंशतींत पानीय हा राजाचा एक स्वतंत्र उपभोग म्हणून वर्णिला आहे. चांगलें पाणी तें अमृत व वाईट तें विष असें सोमेश्वर म्हणतो. कोणत्या ऋतूंत कोणत्या उगमाचें पाणी घ्यावें हें सांगतो, आणि उन्हाळ्यासाठीं झऱ्याचें पाणी योग्य ठरवितो. तें तापवून, त्रिफळेचा संस्कार करून, पाटल किंवा चंपक पुष्पांनीं अथवा कर्पूरानें सुवासित करावें असें सांगतो. नारळाचें पाणी व निरनिराळीं पानकें यांचाहि निर्देश आहे. राजाच्या जलसेवेचें एवढें सूक्ष्म शास्त्र अकबरापूर्वीं साडेचार शतकें दख्खनच्या एका राजानें स्वतः लिहून ठेविलें आहे, ही गोष्ट दुसऱ्या प्रश्नाचा निर्णय करतांना विसरतां येणार नाहीं.

आतां मोंगलांकडे येऊं. बाबरानें आपल्या आत्मचरित्रांत हिंदुस्थानांतील उणिवा सांगतांना येथें बर्फ नाहीं व थंड पाणी नाहीं असें म्हटलें आहे. हा मनुष्य फर्गाना व काबूल येथील हिमजलावर वाढलेला; त्याची तक्रार स्वाभाविक होती. अबुल फज़लानें ती उणीव मान्य करून तिच्या निवारणाचें श्रेय अकबरास दिलें. आईन-इ-अकबरींत आबदारखान्याचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्यावरून कळतें कीं, अकबर घरीं व प्रवासांत गंगाजल पीत असे. मुक्काम आग्रा व फत्तेपूर येथें असतां तें सोरोंहून व पंजाबांत असतां हरद्वाराहून मोहोरबंद घड्यांतून येई. आणि प्रवासाच्या व शिकारीच्या वेळीं पाणी चाखून पारखणारे अनुभवी लोक नेमलेले असत. आमच्या विषयास हें शेवटचें वाक्य फार महत्त्वाचें आहे; शिकारीच्या जलव्यवस्थेस स्वतंत्र अधिकारी असल्याचा तो स्पष्ट दाखला होय.

याच प्रकरणांत सोऱ्यानें पाणी थंड करण्याची कृति दिली आहे. जस्ताच्या, रुप्याच्या किंवा तशाच धातूच्या सुरईंत एक शेर पाणी घालून तोंड बंद करावयाचें. दुसऱ्या भांड्यांत पांच शेर पाणी व अडीच शेर सोरा घालावयाचा. आणि त्या मिश्रणांत ती सुरई पाव घटका-अर्धी घटका फिरवीत राहावयाचें, कीं आंतलें पाणी थंड होतें. सोऱ्याचा भाव रुपयास पाऊण मणापासून चार मणांपर्यंत असे. ज्या सोऱ्यानें बंदुकीच्या दारूंत आग उत्पन्न होते त्याच सोऱ्यानें पाणी गार करावें, यांतील चमत्कार अबुल फज़लानेंहि नमूद केला आहे. पुढें तिसाव्या राज्यवर्षीं, म्हणजे इ. स. १५८५-८६ च्या सुमारास, दरबार पंजाबांत गेल्यावर लाहोरापासून ४५ कोसांवरील पहाडांतून बर्फहि येऊं लागला.

आतां निर्णय. थंड पाणी हिंदुस्थानांत अकबरानें आणलें असें म्हणणें सुश्रुताच्या सात उपायांपुढें टिकत नाहीं. तथापि सोऱ्याच्या कृतीचें महत्त्व नाकारणें हाहि दुराग्रह होईल. सुश्रुताचे बहुतेक उपाय वाफ होण्यावर अवलंबून आहेत. कोरड्या हवेंत ते उत्तम चालतात, पण हवा दमट असली म्हणजे मंदावतात. देशावर माठांतलें पाणी वैशाखांत गार लागतें, कोंकणांत तितकें लागत नाहीं, याचें कारण हेंच. सोरा मात्र पाण्यांत विरघळतांनाच उष्णता शोषून घेतो. त्यास वाऱ्याची वा कोरड्या हवेची गरज नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, शीतजलाची विद्या येथील होती. अकबराच्या दरबारानें तिला ऋतुनिरपेक्ष साधनाची, बर्फाच्या वाहतुकीची व एका सुसज्ज खात्याची जोड दिली.

परंतु खातें कितीहि सुसज्ज असलें तरी पाणी वाहणारा मनुष्य वेळेवर जवळ नसेल तर सर्व व्यर्थ, हें खुद्द अकबराच्याच चरित्रांत दिसतें. इ. स. १५७१ मध्यें वाळवंटी प्रदेशांत गोरखरांची, म्हणजे रानगाढवांची, शिकार करतांना तो पायीं त्यांच्या मागें दूरवर गेला. पाणी घेतलेले सेवक त्याच्यापासून दुरावले. आणि तृषेनें त्याची अवस्था अत्यंत बिकट झाली. अखेर पाणी मिळालें व प्राण वांचला. या प्रसंगाचें चित्र अकबरनाम्याच्या सचित्र प्रतींत काढलेलें असून तें लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहे. विजयाच्या चित्रांमध्यें बादशहाच्या तहानेचेंहि चित्र काढावें असें त्या दरबारास वाटलें, यावरून तो प्रसंग किती गंभीर मानला गेला हें कळतें. पुढें इ. स. १६६५ मध्यें औरंगजेबाच्या काश्मीरच्या स्वारीबरोबर गेलेला फ्रेंच वैद्य बर्निए यानें लाहोराच्या पुढील वाटेवरच्या उष्म्याचें जें वर्णन केलें आहे तेंहि याच जातीचें. आपलें शरीर चाळणीसारखें झालें असून प्यालेलें पाणी तत्काळ सर्व रोमरंध्रांतून बाहेर पडतें, असें तो लिहितो. त्या स्वारींत मार्गावर बादशाही शिकारीहि होत. कथिलाच्या सुरईस ओल्या कापडाची खोळ घालून ती वाऱ्यावर धरण्याची रीत त्यानें वर्णिली आहे. ती पाहिली म्हणजे सुश्रुताचा वारा व वस्त्र हे उपाय बादशाही छावणींतहि चालू होते अशी खात्री पटते.

मराठी राज्यांतील अठरा कारखान्यांच्या प्रसिद्ध यादींत आबदारखाना, शरबतखाना व शिकारखाना हे तिन्ही स्वतंत्र आहेत. सातारकर शाहू छत्रपति शिकारीचे किती शौकीन होते हें सर्वश्रुत आहे. शिकारीची स्वारी निघे तेव्हां या तीन कारखान्यांचें सहकार्य आवश्यकच असणार. परंतु आपल्याकडील शिकारीच्या आख्यायिकांत राजा, घोडा, कुत्रा व वाघ यांचीं नांवें येतात. पखालजीचें येत नाहीं. रान उठविणाऱ्या हांकाऱ्यांची स्थिति याहून शोचनीय. राजे व पुढें इंग्रज अधिकारी मचाणावर सावलींत बसत; त्यांच्या डोक्यावर भेंडाची टोपी व हाताशीं ओली छागल असे. भर उन्हांत कांट्याकुट्यांतून ढोल वाजवीत, कोसच्या कोस चालत येणारे भिल्ल, गोंड किंवा कोरकू हांकारे यांच्यापाशीं स्वतःचा तुंबा असेल तेवढेंच पाणी. मुंडाशांत कांदा ठेविला म्हणजे ऊन बाधत नाहीं अशी समजूत खेड्यांत आहे. कांद्याच्या गुणाला प्रमाण नाहीं, मुंडाशाच्या घड्यांचा आधार मात्र खरा, आणि कित्येकांना तोहि पुरेसा नव्हता. हिशेब केला तर शिकारींत सर्वांत अधिक घाम ज्यांचा गेला त्यांना सर्वांत कमी पाणी मिळालें, असेंच निघेल.

या दृष्टीनें पाहतां एका राजाचें उदाहरण सर्वांहून निराळें ठरतें. अशोकानें आपल्या आठव्या शिलालेखांत सांगितलें आहे कीं, पूर्वींचे राजे विहारयात्रांस निघत व त्यांत मृगया चाले. आपण मात्र राज्याभिषेकास दहा वर्षें झाल्यावर संबोधीस गेलों व तेव्हांपासून धर्मयात्रा सुरू झाल्या. याच लेखाचा एक तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांस इ. स. १८८२ मध्यें सोपारें येथें सांपडला. म्हणजे शिकार सोडल्याची ही राजघोषणा आपल्या अपरांतांतहि कोरलेली होती. त्याच राजानें सातव्या स्तंभलेखांत आपण रस्त्यांवर वड लावले, आमराया केल्या, विहिरी खणविल्या, आणि मनुष्यांसाठीं व पशूंसाठीं जागोजाग पाणपोया घातल्या असें नमूद केलें आहे. हे दोन लेख सहसा वेगवेगळे वाचले जातात. ते एकत्र वाचावेत अशी आमची सूचना आहे. जी छाया व जें जल पूर्वीं राजाच्या विहाराकरितां सिद्ध होई, तें त्यानें वाटसरूस व पशूस खुलें केलें. पाणपोईंतील पोई हा अवशेष संस्कृत प्रपा शब्दाचा आहे, आणि ही संस्था मृगवनाहून दीर्घायुषी ठरली आहे.

इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें आपल्या देशांतील राजेशाही थाटाच्या शिकारीचा शेवट केला. आतां महाराष्ट्रांतील अरण्यांत वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीं तेच पाणवठे, तींच मचाणें आणि तोच उकाडा असतो. परंतु मचाणावरील मनुष्य पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतो. त्यानेंहि पाण्याचा पुरेसा सांठा व मिठाची चिमूट बरोबर न्यावी, हें सांगण्यास कौटिल्याची गरज नाहीं. पण पिशुनाच्या यादींतील पिपासा हा शब्द त्यानें विसरूं नये.

शेवटीं संशोधकांस एक विनंति. पुणें येथील पेशवे दप्तरांत व जुन्या संस्थानांच्या कागदांत कारखान्यांचे जमाखर्च आहेत. त्यांतील आबदारखान्याच्या नोंदी शिकारखान्याच्या नोंदींशीं तिथिवार ताडून पाहाव्यात. पखाली किती, बैल किती, पखालजींस मुशाहिरा काय, हांकाऱ्यांस शिधा व पाणी काय, हें वेंचून काढावें. किती वाघ पडले याची गणती आपल्याकडे झालेली आहे. त्या दिवशीं पाणी कोणीं वाहिलें व तें कोणास मिळालें, ही गणती व्हावयाची आहे. आणि ती झाल्यावांचून आपल्या राजांच्या मृगयेचा इतिहास पुरा झाला असें म्हणतां येणार नाहीं.